अंबाड्यासकट उंची

हाडांच्या डॉक्टरांनी ताईचा गुडघा पाहिलाच नाही. त्यांनी ताईला पाहिलं. दारापासून खुर्चीपर्यंत ती लंगडत येत असताना जेवढं दिसलं तेवढ्यावर त्यांचं निदान झालं, आणि ती खुर्चीला नीट टेकायच्या आत त्यांनी ते सांगूनही टाकलं.

"वजन उतरवा. दहा किलो तरी. मग या, गुडघा बदलून देतो."

"आणि नाही उतरलं तर?"

'तर नका येऊ' असं डॉक्टर म्हणाले नाहीत. सभ्य गृहस्थ होते. त्यांनी फक्त पुढच्या पेशंटसाठी घंटा वाजवली.

ताई ही तशी कोणाची सख्खी ताई नव्हती. बायकांच्या पार्लरची मालकीण म्हणून ती सगळ्यांची ताई. वयाने तिच्या आईसारख्या असलेल्या बायकाही तिला ताईच म्हणत, कारण हातात कात्री असलेल्या माणसाशी नातं जोडून ठेवलेलं बरं असतं. पार्लर लहानसंच होतं: दोन आरसे, केस धुवायचं एक बेसिन आणि गिऱ्हाइकाची एक खुर्ची. या खुर्चीचा खालीवर करणारा पंप फार वर्षांपूर्वी वरच्या वर अडकला तो अडकलाच. दुरुस्तीवाल्याने पंपाकडे बघून नव्या खुर्चीचा भाव सांगितला होता. ताईने सुताराला गाठून लाकडाची एक पायरी करून घेतली. कारण गिऱ्हाईक बसलेलं आणि ताई उभी, तरी दोघींची डोकी एका रेषेत येत. ताईची उंचीच तेवढी. तेव्हापासून ती पायरी खुर्चीभोवती फिरायची आणि ताई पायरीभोवती. सरकवायची, चढायचं, चार केस कापायचे, उतरायचं, पुन्हा सरकवायची. इतकी वर्षं ती दिवसभर जिना चढत राहिली आणि पोचली कुठेच नाही. शेवटी उजव्या गुडघ्याने हात टेकले.

पायांनी जे दिलं नाही ते ताईने डोक्यावर उभं केलं होतं. तिचा अंबाडा बघण्यासारखा असे. आत जाळीचा एक घट्ट गोळा, त्यावर चढवलेले केस, त्यात पिना आणि सगळ्यावर फवारा. रोज सकाळी आरशापुढे तासभर उभं राहून ती हे बांधकाम करी. "खानावळवालीने रोडकं असू नये आणि केस करणारणीने चपटं असू नये," असं तिचं म्हणणं. अंबाडा हीच पार्लरची पाटी होती, आणि पाटी वरच लावायची असते.

तर प्रश्न साधा होता. गुडघा बदलला तर पार्लर चालू, नाही बदलला तर बंद. केसांचं काम बसून होत नाही, आणि उभं राहण्याशिवाय दुसरं काही ताई शिकलेली नव्हती.

वाट दाखवली ती टीव्हीवर बातम्या वाचणाऱ्या बाईंनी. या बाई ताईच्या ठरलेल्या गिऱ्हाईक. पूर, अपघात, मंत्रिमंडळ, सगळं काही त्या ताईने बांधलेल्या केसांखालून सांगत.

"ताई, तुम्ही ते इंजेक्शन का नाही घेत?" बाईंनी आरशातूनच विचारलं. "आठवड्यातून एकदा टोचायचं. भूकच मरते मेली."

"तुम्हाला कशाला लागलं ते? तुमच्या अंगावर बोट ठेवलं तर हाड लागतं."

"अहो, कॅमेऱ्यात माणूस जाड दिसतो ना! आमच्या डॉक्टरांनी कॅमेऱ्यातलं वजन धरलं."

ताईच्या हातातला कंगवा थांबला. "असं धरता येतं?"

"आमचे डॉक्टर घरचेच आहेत," बाई म्हणाल्या, जणू त्याने गणित सुटत होतं. सुटतही होतं म्हणा. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, हे आपल्या लोकांना काही नवीन नाही.

थांबलेल्या कंगव्यात मात्र केसांचा एक झुपका आला होता. खाणं तुटलं की काहींचे केसही रजा घेतात, हे बाईंना घरच्या डॉक्टरांनी सांगितलं नसावं. ताईने झुपका मुठीत दडवून टोपलीत टाकला आणि बाईंच्या अंबाड्यात नेहमीपेक्षा एक नंबर मोठा गोळा घातला. गिऱ्हाइकाला त्याचं खरं डोकं दाखवायचं नाही, हा धंद्याचा पहिला नियम.

ताईच्या घरी डॉक्टर कोणी नव्हतं. घरी होते ते वजनमापे खात्यातले निरीक्षक, म्हणजे ताईचा नवरा. दुकानादुकानांतून फिरायचं, काट्यावर पितळी वजनं ठेवून तो खरं बोलतो की खोटं ते बघायचं, खरा निघाला तर त्यावर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. माणूस सरळ. इतका सरळ की त्याला बायकोपेक्षा काट्यावर जास्त विश्वास. वजनाच्या दवाखान्यात जायचं ठरलं तेव्हा ते लगेच तयार झाले. विषयच खात्यातला होता.

दवाखाना गुळगुळीत होता. भिंतीवर एक हसरी बाई एका सफरचंदाकडे बघत होती. निरीक्षक बाहेर बसले आणि ताईला आत बोलावलं गेलं.

"चपला काढा," नर्स म्हणाली. "पर्स तिथे ठेवा. काट्यावर या. हं, अडुसष्ट. आता इकडे भिंतीला पाठ लावून. मान सरळ. केस जरा सोडता का?"

"अगं बाई, तासाचं काम आहे ते! परत कोण चढवणार? मला इथून थेट दुकानात जायचंय."

नर्सने दाराबाहेरच्या रांगेकडे बघितलं. मग तिने पट्टी खाली ओढली. फवाऱ्याने अंबाडा असा कडक झाला होता की पट्टीला तीच टाळू वाटली. ती तिथेच टेकली.

"एकशे पंचावन्न."

ताई भिंतीला चिकटून उभी राहिली. एवढं उंच तिला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. शाळेत ती कायम पहिल्या बाकावर, लग्नाच्या फोटोत पाटावर, सासरी पहिल्याच दिवशी नणंदेने दिलेल्या 'बुटकी' या पदवीवर. आणि आज एक सुशिक्षित मुलगी, पांढऱ्या कपड्यांत, यंत्राच्या साक्षीने तिला एकशे पंचावन्न म्हणत होती. 'अगं, ते अंबाड्यासकट झालं' हे वाक्य ताईच्या ओठांपर्यंत आलं. तिथून पुढे त्याला वाट मिळाली नाही. आपण आलोय वजनासाठी, उंचीचं इथे कोणाला काय पडलंय, असा विचार करून तिने चपला घातल्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांची नजर कायम पडद्यावर होती. ताईचं तोंड त्यांनी पाहिलं असेल तर ते काचेतल्या प्रतिबिंबात.

"असं बघा, वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं. येईल तो बीएमआय. आमच्या इथे तीस किंवा त्याच्या वर असेल तर हे औषध देतो. सत्तावीसच्या वर असेल, आणि सोबत मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, झोपेत श्वास अडकणं, असलं काही असेल, तरीही देतो. तुमचं येतंय अठ्ठावीस पूर्णांक तीन."

"मग सत्तावीसच्या वरच आहे की."

"हो, पण सोबत काही आहे का?"

"नवरा आहे. बाहेर बसलाय."

"आजार विचारतेय मी."

आपलं उत्तर बदलायची गरज ताईला वाटली नाही. पण डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट चाळले. रक्तदाब उत्तम, कोलेस्टेरॉल उत्तम. साखर काठावर, पण काठाच्या अलीकडे.

"अहो, गुडघा आहे ना!"

"गुडघा आमच्या यादीत नाही."

"हाडांचे डॉक्टर म्हणतात, तुम्ही जाड आहात म्हणून हात लावणार नाही. तुम्ही म्हणता, मी जाड नाही म्हणून औषध देणार नाही. मग मी नेमकी आहे तरी काय?"

"तुम्ही अधिक वजनाच्या गटात आहात. लठ्ठ नाही." आणि डॉक्टरीणबाई खरोखरच म्हणाल्या, "अभिनंदन."

"मग करू काय?"

"रोज चाला."

"चालता येत असतं तर आले असते का इथे?"

"मग पोहा."

 ताईने बाजारात विचारतात तसं विचारलं, "म्हणजे अजून थोडं अंगावर चढलं, की मिळेल?"

"असा सल्ला मी देऊ शकत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग जरा हळू आवाजात, पडद्यालाच सांगितल्यासारखं, "पण गणित तसंच आहे. चारेक किलो."

मघाशी 'उंची' हा शब्द कानावर पडला तेव्हा ताईच्या मनात काहीतरी हललं होतं, नाही असं नाही. पण भागाकार तिने शाळेबरोबरच सोडला होता. आणि अंबाड्याने नुकतेच मिळवून दिलेले सात सेंटिमीटर इतक्या लवकर परत करणं तिच्या जिवावर आलं. उंच माणूस उलट जास्तच पात्र ठरत असेल, असं तिला वाटलं. जगात सगळीकडे तसंच तर असतं.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बैठक बसली. निरीक्षकांनी परिस्थिती मांडली.

"चार किलोंची तूट आहे," ते म्हणाले. "भरून काढावी लागेल."

सासूबाईंनी चष्मा वर केला. सुनेचे घास मोजायचं काम या बाईंनी लग्न झाल्यापासून बिनपगारी आणि बिनसुट्टीचं केलं होतं. 'परत भात? दारं रुंद करून घ्यावी लागतील हो', 'साय राहू दे, मांजराला लागते', ही त्यांची ठरलेली वाक्यं.

"म्हणजे हिला बारीक करायला आधी जाड करायची?"

"हो."

"सरकारी आहे का दवाखाना?"

"नाही गं आई, खाजगी आहे."

"मग एवढं डोकं कोणी चालवलं?"

 तरी मुलाने सांगितलं की सासूबाई ऐकत, आणि एकदा ऐकलं की मग त्यांना आवरणं कठीण. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराची दिशाच बदलली. बटाट्यांवर लोणी आलं, दुधावरची साय मांजराकडून ताईकडे वर्ग झाली, दुपारच्या डब्यात केळी आणि मध. निरीक्षकांनी स्वयंपाकघरात एक छोटा काटा आणून ठेवला आणि भात पानात पडण्याआधी त्यावरून जाऊ लागला. 'कमी भरतंय' असं आयुष्यभर दुकानदारांना सांगत आलेला माणूस आता आईला सांगू लागला.

पहिल्या रात्री सासूबाईंनी न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला, तेव्हा ताईने इतक्या वर्षांच्या सवयीने पानावर हात आडवा धरला.

"हात काढ," सासूबाई म्हणाल्या. "औषध समजून खा."

ताईने हात काढला. भाताची वाफ तोंडावर आली आणि तिचे डोळे भरले. "मिरची लागली," ती म्हणाली. भातात मिरची नव्हती. पण चौकशी कोणी केली नाही.

आता खरं सांगायचं तर ते दिवस ताईच्या संसारातले बरे दिवस होते. दुकानातून आली की गरम दूध. सकाळी निघताना, "खाल्लंस ना गं नीट?" माहेरीसुद्धा हा प्रश्न तिला कोणी असा विचारला नव्हता, तिथे भावंडं फार. नणंद भेटायला आली आणि सवयीने म्हणाली, "काय गं बुटके, सुटलीस की चांगली!" तर सासूबाई पोटच्या पोरीवर ओरडल्या, "नजर लावू नकोस! अजून दोन किलो वाढायचंय तिला."

निरीक्षकांनी आपल्या बाजूने कसर ठेवली नाही. ते पितळी वजनांची पेटी घेऊन दवाखान्यात गेले आणि तिथल्या काट्याची रीतसर तपासणी केली. काटा अगदी खरा निघाला, केसभरही फरक नाही. त्यांनी त्यावर शिक्का मारला आणि बायकोवर अन्याय झालेला नाही याची खात्री करून घेतली.

"साहेब," नर्स म्हणाली, "आलाच आहात तर ही उंचीची पट्टीपण बघता का? जरा हलते."

"लांबीचा विभाग वेगळा," निरीक्षक पेटी बंद करत म्हणाले. "त्यांचा माणूस येईल."

गुडघ्याला मात्र ही सगळी योजना कोणी समजावून सांगितली नव्हती. वरून येणारा माल वाढत होता आणि खालचा हमाल तोच होता. पायरी चढताना ताई आता खुर्चीची पाठ धरू लागली. गिऱ्हाईक बसल्या जागी हललं की म्हणे, "सॉरी हं, बांगडी अडकली." मग उजव्याला जपता जपता सगळा भार डाव्यावर पडला आणि एक दिवस डावाही कुरकुरला.

"ताई, अंगाने सुधारलात," बातम्यांच्या बाई म्हणाल्या. त्या स्वतः आता इतक्या सुधारल्या होत्या की डोक्यावर गोळाच जास्त आणि केस कमी. "अहो, असं कसं झालं? माझ्या डॉक्टरांना सांगू का? ते लगेच देतील."

"नको बाई," ताई पायरीवरून दोन्ही हातांनी उतरत म्हणाली. "आमचं नियमाने चाललंय."

हे म्हणताना तिला अभिमान वाटला. नियमाने चालणाऱ्याला तेवढंच मिळतं.

वजन भरल्याची खात्री निरीक्षकांनी खात्यातल्या मोठ्या काट्यावर करून घेतली आणि दवाखान्याची वेळ ठरली. त्या सकाळी ताई आरशापुढे उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की तिला उभं राहता येत नाहीये. दोन्ही गुडघे सुजून उशांसारखे झाले होते. अंबाड्याला तास लागतो, आणि पाच मिनिटांत तिने बेसिनची कड धरली. बसून हात वर करून बघितलं, तर सगळं एका बाजूला कललं. शेवटी तिने शाळकरी मुलीसारखी एक वेणी घातली आणि जाळीचा गोळा पर्समध्ये टाकला. दुकानात गेल्यावर जमलं तर बघू.

या वेळी निरीक्षक आत आले. शिक्का मारलेला काटा त्यांना बघायचा होता.

"साडेबाहत्तर," नर्स म्हणाली, आणि निरीक्षकांनी शाळेच्या निकालाला मान हलवतात तशी मान हलवली.

"आता भिंतीपाशी."

ताई भिंतीला लागली. पट्टी खाली येऊ लागली. ओळखीच्या जागेपाशी ती थांबली नाही. आणखी खाली आली, आणि केसांच्या भांगावर, खऱ्या टाळूवर, थंडगार टेकली.

"एकशे..." नर्सने आकड्याकडे पाहिलं, मग वेणीकडे. "एकशे अठ्ठेचाळीस."

दोघींची नजर भेटली आणि भेटल्या जागेवरूनच परत फिरली. दोघींनाही पहिल्या वेळी नेमकं काय झालं होतं ते आठवलं. नर्सला नोकरी होती आणि ताईला नवरा, तोही शेजारीच उभा. नर्सने आकडा लिहून टाकला.

डॉक्टरीणबाई मात्र पडद्याकडे बघून कोड्यात पडल्या. "उंची सात सेंटिमीटरने कमी? वयाने होते थोडीफार, पण दोन-तीन महिन्यांत? मागची नोंद चुकलेली दिसते." त्यांनी बोटं चालवली. "असू दे. तेहतीस येतंय. आणि साखरही आता काठाच्या पलीकडे गेलीय. म्हणजे तुम्ही दोन्ही बाजूंनी पात्र आहात."

निरीक्षकांनी सुटकेचा श्वास सोडला. ताईने नाही.

"डॉक्टर," तिने विचारलं, "हीच उंची आधी धरली असती तर?"

"थांबा हं." दोन बोटं, एक टकटक. "एकतीस. पहिल्याच दिवशी देता आलं असतं औषध." उद्या आभाळ अंशतः ढगाळ राहील, हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मग सुई कशी टोचायची ते दाखवलं आणि पहिलं इंजेक्शन तिथेच देऊन टाकलं.

तिथून दोघं हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. या वेळी त्यांनी गुडघे पाहिले; दोन असल्यामुळे दुर्लक्ष करणं अवघड झालं असावं.

"आता दोन्ही बदलावे लागतील. पण साखर अशी असताना मी चाकू लावत नाही, जखम भरत नाही. साखर आणा खाली, वजन आणा खाली. वर्षभराने बघू." मग त्यांनी ताईकडे निरखून पाहिलं. "मागच्यापेक्षा वाढलंय का वजन?"

"हो."

"मी उतरवा म्हटलं होतं."

त्यांनी घंटा वाजवली.

वर्षभर. रिक्षाने परतताना वाटेत पार्लर लागलं. ताई उतरली नाही. काचेतून तिला खुर्ची दिसली, वरच्या वर अडकलेली, आणि खुर्चीच्या पायाशी ती पायरी. कुलूप आधीच लावलेलं होतं, त्यामुळे वेगळं काही करावं लागलं नाही.

घरी पानं वाढलेली होती. निरीक्षक जेवायला बसले, पण त्यांचा घास तोंडापर्यंत जाईना.

"ती पट्टी हलते, हे त्या नर्सने स्वतः मला सांगितलं होतं," ते म्हणाले. "माहीत असून चुकीची उंची लिहिली! लांबीच्या विभागात मी उद्याच जातो. त्या पोरीची नोकरी गेली पाहिजे. माझ्या बायकोचे दोन गुडघे गेले!"

"जाऊ दे तिची," सासूबाई म्हणाल्या, आणि सवयीने ताईच्या पानात दुसऱ्यांदा भात वाढला. या वेळी काट्यावर न मोजताच. "कसली मेली माणसं असतात."

ताईने पर्स उघडली. जाळीचा गोळा काढला आणि भाताच्या भांड्याशेजारी टेबलावर ठेवला.

"हे काय?" निरीक्षकांनी विचारलं.

"सात सेंटिमीटर."

निरीक्षकांनी गोळ्याकडे पाहिलं, मग बायकोच्या वेणीकडे, मग परत गोळ्याकडे. काटा स्थिर व्हायला लागतो तेवढा वेळ गेला.

"ती केस सोडा म्हणाली होती," ताई म्हणाली. "मीच नको म्हटलं. तिच्या नोकरीला हात लावू नका."

"अगं पण सांगायचंस ना! एका शब्दाचं काम होतं!"

"ती मला उंच म्हणाली. तुमच्यापैकी कोणी आधी म्हटलं असतं, तर तिचं नसतं घेतलं मी."

सासूबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. "म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "मी इतके दिवस लोणी काढलं, ते या बोचक्यापायी?"

 निरीक्षकांनी गोळा उचलला. काय करावं हे न सुचलेला माणूस जे येतं ते करतो. त्यांनी तो छोट्या काट्यावर ठेवला.

"चाळीस ग्रॅम," ते म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं.

मग सासूबाई पुढे वाकल्या आणि ताईच्या पानातला भात डावाने परत भांड्यात घेऊ लागल्या. रागाने नाही. नीट, कड धरून, शीत सांडू न देता, कामाची बाई करते तसं. ताईला भूक नव्हतीच. इंजेक्शनने म्हणा, कशानेही म्हणा. तरी तिचा हात आपोआप पानावर आडवा गेला. इतकी वर्षं तो वाढू नये म्हणून जायचा. आज उचलू नये म्हणून गेला.

"हात काढ," सासूबाई म्हणाल्या.